म्हातारचळ नव्हे, आजार : स्मृतिभ्रंश ओळखणारी प्रथिने



'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपण हसत हसत वापरतो. घरातली आजी चहा पिऊन अर्ध्या तासात 'मला कोणी चहाच दिला नाही' म्हणून भांडते. श्रावणबाळ योजनेचे पैसे काल आणलेले असतात, तरी आज पुन्हा पिशवी घेऊन बँकेत निघते. एखाद्या दिवशी पोटच्या मुलाला विचारते, 'तू कोणाचा रे?' घरचे म्हणतात, म्हातारचळ लागला. शेजारीण म्हणते, बाहेरचं काहीतरी झालंय, दाखवून आणा. आजी विधवा आणि एकटी असेल तर याहून वाईट शब्द कानावर येतात. अशा बोलण्याने दवाखान्यात जायला उशीर मात्र होतो.

या आजाराचे नाव स्मृतिभ्रंश. डॉक्टर त्याला डिमेन्शिया म्हणतात आणि त्याच्या अनेक प्रकारांपैकी सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे अल्झायमर. आता हा अल्झायमर रक्तातल्या आणि पाठीच्या पाण्यातल्या प्रथिनांवरून ओळखता येऊ लागला आहे. 'एका रक्ततपासणीत अल्झायमर कळणार' अशा बातम्या मोबाईलवर फिरतात. आमच्या श्रीगोंदा तालुक्यातल्या महिला बैठकांतही प्रश्न येतो, 'ताई, ती तपासणी आपल्याला करता येईल का? करावी का?' तथागतांनी कालामांना सांगितले होते की ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या. ही तपासणीही आपण तशीच पारखून घेऊ.

आजार कोणाला जास्त होतो?

दिल्लीच्या एम्स संस्थेने परदेशी विद्यापीठांच्या सहकार्याने देशभरातल्या ६० वर्षे व त्यावरील ४,०९६ व्यक्तींची सविस्तर तपासणी केली. २०२३ साली त्यावरून आलेला अंदाज असा : साठी ओलांडलेल्या शंभर भारतीयांपैकी ७.४ जणांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख लोक. स्त्रियांत हे प्रमाण ९ टक्के आणि पुरुषांत ५.८ टक्के आहे. खेड्यात ८.४ टक्के आणि शहरात ५.३ टक्के आहे. शाळा न पाहिलेल्यांत ते शिकलेल्यांपेक्षा जास्त आहे.

हे आकडे पुन्हा एकदा वाचा. बाई, खेड्यातली, आणि निरक्षर. आपल्या वस्तीतल्या सत्तरीच्या किती आज्या या तिन्ही रकान्यांत बसतात ते मोजा.

'अस्तु' नावाचा मराठी चित्रपट अनेकांनी पाहिला असेल. डॉ. मोहन आगाशे यांनी त्यात अल्झायमर झालेल्या संस्कृतच्या निवृत्त प्राध्यापकाची भूमिका केली आहे. ज्याचे सारे आयुष्य पुस्तकात गेले, त्याचे विसरणे घरच्यांच्या लगेच ध्यानात येते. पण जिने लिंबाच्या बागेत खुरपण केले, उसाच्या फडात मोळ्या बांधल्या, तिचे विसरणे कोण टिपून ठेवतो? हात चालू आहेत तोवर 'म्हातारी ठणठणीत आहे' असेच सगळे म्हणतात.

मेंदूत नेमके काय होते?

१९०६ साली जर्मनीतले डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी विसरण्याच्या आजाराने वारलेल्या एका स्त्रीचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. त्यांना दोन गोष्टी दिसल्या : पेशींच्या मध्ये साचलेले गोळे आणि पेशींच्या आत पडलेल्या धाग्यांच्या गाठी. हे गोळे 'अमायलॉइड-बीटा' नावाच्या प्रथिनाचे आणि गाठी 'टाऊ' नावाच्या प्रथिनाच्या असतात, हे पुढे अनेक वर्षांनी कळले.

प्रथिन म्हटले की आपल्याला डाळ आणि अंडी आठवतात. पण शरीर स्वतःही हजारो प्रकारची प्रथिने तयार करते. अमायलॉइड आणि टाऊ ही दोन्ही निरोगी मेंदूतही असतात. ती चुकीच्या पद्धतीने दुमडून साचू लागली की पेशींचे काम बिघडते. त्यामुळे डाळ खाल्ल्याने अल्झायमर होतो असा अर्थ कोणी काढू नये. म्हाताऱ्या माणसाला प्रथिनयुक्त जेवण हवेच.

हे साचणे विसरायला लागण्याच्या आधी पंधरा-वीस वर्षे सुरू झालेले असते. लक्षणे दिसतात तेव्हा आजार जुना झालेला असतो. म्हणूनच शास्त्रज्ञ शरीराच्या द्रवांत त्याची खूण शोधत होते.

पाठीचे पाणी काय सांगते?

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती एक स्वच्छ पाणी खेळत असते. मोठ्या माणसात ते साधारण १५० मिलिलिटर असते आणि दिवसाला सुमारे अर्धा लिटर नवे तयार होते. मेंदूला लागून वाहणाऱ्या या पाण्यात मेंदूतल्या घडामोडींचा अंश उतरतो. कमरेच्या मणक्यांमधून बारीक सुई घालून ते थोडेसे काढतात. लोक त्याला 'पाठीतलं पाणी काढणं' म्हणतात.

'पाठीत सुई टोचली की पाय जातात' ही भीती मी वॉर्डात कितीतरी नातेवाइकांच्या तोंडून ऐकली आहे. मोठ्या माणसाची मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपते आणि सुई त्याच्या खाली घालतात. काहींना नंतर एक-दोन दिवस डोके दुखते, कंबर अवघडते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर मात्र आधी डॉक्टरांना सांगायलाच हवे.

अल्झायमरमध्ये या पाण्यात अमायलॉइड-बीटा ४२ कमी होते आणि टाऊ वाढते. मेंदूत अमायलॉइड साचते, मग पाण्यात ते कमी कसे? आमच्याकडे कुकडीचे आवर्तन सुटते तेव्हा चारीत गाळ बसलेला असेल तर शेवटच्या शेतकऱ्याकडे पाणी कमी पोहोचते. शेवटाला कमी आले म्हणजे वर कुठेतरी अडले. अमायलॉइडचे तसेच आहे. ते मेंदूत अडकते, म्हणून खालच्या पाण्यात कमी सापडते. टाऊचे उलट आहे. बांध फुटला की पाणी गढूळ होते, तशी पेशींमध्ये बिघाड झाला की टाऊ पाण्यात वाढते. एक कमी आणि दुसरे जास्त, अशी जोडी दिसली की अल्झायमरची शंका पक्की होत जाते.

रक्तातली खूण

पाठीचे पाणी काढायला तज्ज्ञ आणि मोठे रुग्णालय लागते. रक्त तर गावातही काढता येते. पण मेंदूतली ही प्रथिने रक्तात अतिशय थोडी उतरतात. इतके सूक्ष्म प्रमाण मोजणारी यंत्रे आली तेव्हा ही वाट खुली झाली.

आज सर्वांत भरवशाची मानली जाणारी रक्तातली खूण म्हणजे 'पी-टाऊ २१७'. टाऊ प्रथिनाच्या २१७ क्रमांकाच्या जागी फॉस्फेट चिकटलेले असते, म्हणून हे नाव. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पी-टाऊ २१७ आणि अमायलॉइड-बीटा ४२ यांचे गुणोत्तर मोजणाऱ्या रक्ततपासणीला परवानगी दिली. ती परवानगी ५५ वर्षे व त्यावरील आणि विसरण्याची लक्षणे असलेल्या व्यक्तींपुरतीच आहे. बातम्यांत नेमके हेच गळते.

आणखी काही नावे तुमच्या कानावर येतील. 'न्यूरोफिलामेंट लाइट' हे प्रथिन मेंदूच्या तंतूंना इजा झाली की वाढते, मग ती इजा कोणत्याही कारणाने होवो. धूर दिसावा पण आग कोणाच्या घराला लागली ते कळू नये, तशी ही खूण आहे. 'अल्फा-सिन्यूक्लिन' हे प्रथिन पार्किन्सन आणि लुई बॉडी प्रकारच्या स्मृतिभ्रंशात बिघडते. ते मुख्यतः पाठीच्या पाण्यात तपासतात. लाळ, लघवी आणि अश्रू यांवर संशोधन चालू आहे, पण त्यावरून निदान करण्याइतका भरवसा अजून नाही. लाळेवरून स्मृतिभ्रंश सांगतो म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

एक मर्यादा लक्षात ठेवा. उच्च रक्तदाब आणि मधुमेह यांमुळे मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडून होणारा स्मृतिभ्रंशही आपल्याकडे आहे. त्याचे निदान अमायलॉइड-टाऊच्या तपासणीने होत नाही. तिथे मेंदूचा स्कॅन आणि रुग्णाची पूर्वकथा उपयोगी पडते.

रक्त शाळा विचारत नाही, पण मोजपट्टी कोणाची?

स्मरणशक्ती तपासण्याची जगात सर्वाधिक वापरली गेलेली प्रश्नावली १९७५ सालची आहे. तीत रुग्णाला एक वाक्य वाचायला सांगतात, एक वाक्य लिहायला सांगतात, शंभरातून सात-सात वजा करायला लावतात, आकृती काढून घेतात. जिच्या हाती कधी पाटी-पेन्सिल आली नाही त्या माउलीचे गुण इथे कमी पडणारच. म्हणजे जातीमुळे आणि गरिबीमुळे शाळा नाकारली गेली, आणि म्हातारपणी त्याच कारणाने कागदावर 'बुद्धी कमी' अशी नोंद झाली. उलटही घडते. 'अडाणी आहे, तिला काय कळणार' म्हणत खरा आजार दुर्लक्षित राहतो.

यावर उपाय म्हणून हरियाणातल्या बल्लभगड भागात निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी हिंदी प्रश्नावली तयार झाली. १९९५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तीत वाचन-लेखनाऐवजी त्यांच्या जगण्यातले प्रश्न आहेत. अशी तपासणी आपल्या बोलीत करणारा माणूस आपल्या तालुक्याला मिळाला पाहिजे.

प्रथिनांच्या तपासणीचे खरे महत्त्व मला इथे वाटते. रक्त कोणाला शाळेचा दाखला मागत नाही. ऊसतोड मजुराचे आणि प्राध्यापकाचे रक्त एकाच यंत्रात जाते. पण यंत्राने दिलेला आकडा 'सामान्य' की 'वाढलेला' हे ठरवणारी मोजपट्टी बहुतेक अमेरिका-युरोपातल्या गोऱ्या लोकांच्या नमुन्यांवर बनली आहे. २०२२ साली अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी कृष्णवर्णीय आणि गोऱ्या व्यक्तींच्या रक्ताची तुलना केली. काही टाऊ-तपासण्या आणि न्यूरोफिलामेंट तपासणीची मोजपट्टी दोन्ही गटांना सारखी लागू पडली नाही. अमायलॉइडचे गुणोत्तर मात्र त्यांत अधिक सारखे टिकले.

मूत्रपिंडाचा जुना आजार असेल तर रक्तातले पी-टाऊ वाढलेले दिसू शकते. वजन फार जास्त असेल तर काही प्रथिने कमी दिसतात. मधुमेहाने मूत्रपिंड बिघडलेले रुग्ण आपल्याकडे किती आहेत हे सांगायला नको. अशा रुग्णाचा रिपोर्ट डॉक्टरांशिवाय वाचला तर नको ती भीती घरात शिरेल.

म्हणून आपल्या लोकांवरचा अभ्यास हवा. बंगळुरूच्या सेंटर फॉर ब्रेन रिसर्चने कर्नाटकातल्या कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूर तालुक्यात ४५ वर्षांवरील दहा हजार ग्रामस्थांचा दीर्घकाळ मागोवा घेणारा अभ्यास हाती घेतला आहे. त्यांची स्मरणशक्ती, रक्त आणि मेंदूचे स्कॅन पुन्हा पुन्हा तपासले जातात. असा अभ्यास महाराष्ट्रातल्या खेड्यांत, दलित-आदिवासी वस्त्यांना बरोबर घेऊन, त्यांना समजेल अशा भाषेत संमती घेऊन व्हायला हवा. आपले लोक अभ्यासात नसतील तर मोजपट्टीही आपली नसेल.

मग ही तपासणी कोणी करावी?

ज्याला काही त्रास नाही त्याने केवळ भीतीपोटी करू नये. रक्तात खूण सापडली म्हणजे त्या माणसाला स्मृतिभ्रंश होईलच असे नाही. अमायलॉइड साचूनही अनेक जण शेवटपर्यंत शुद्धीत राहतात.

ज्याला लक्षणे आहेत, साध्या तपासण्या झाल्या आहेत आणि तरी निदान स्पष्ट नाही, त्याच्यासाठी मेंदूविकारतज्ज्ञ ही तपासणी सुचवू शकतात. २०२५ मध्ये अल्झायमर असोसिएशन या अमेरिकी संस्थेने दिलेल्या मार्गदर्शक सूचनाही असेच सांगतात : रक्ततपासणी तज्ज्ञाच्या हातात असावी आणि ती रुग्णाच्या पूर्ण तपासणीची जागा घेऊ शकत नाही. मोठ्या शहरांतल्या खासगी प्रयोगशाळांची जाहिरात पाहून कर्ज काढू नका. लेकॅनेमॅब, डोनानेमॅब अशी अमायलॉइड हटवणारी नवी औषधे आजार पुसून टाकत नाहीत. अगदी सुरुवातीच्या टप्प्यात ती त्याचा वेग काहीसा कमी करतात. ती फार महाग आहेत आणि मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने वारंवार स्कॅन करावे लागतात.

आधी या स्वस्त तपासण्या

विसरण्याची काही कारणे अशी आहेत की ती सापडली तर माणूस सुधारतो. ती आधी शोधायची :

१. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ती वाढते. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, बी-१२ तपासून घ्या.

२. थायरॉईड कमी असणे.

३. रक्तातली साखर, सोडियम आणि हिमोग्लोबिन.

४. पडल्यानंतर डोक्यात हळूहळू साचलेले रक्त. आजी मोरीत पडली, जखम दिसली नाही आणि काही आठवड्यांनी बरळायला लागली, तर स्कॅन करायलाच हवा.

५. नैराश्य. जोडीदार गेल्यावर गप्प झालेले माणूस विसरभोळे वाटते. नैराश्यावर उपचार आहेत.

६. झोपेच्या, सर्दीच्या काही गोळ्या. घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा.

७. कान आणि डोळे. ऐकूच येत नसेल तर लक्षात काय राहणार?

काल बरा असलेला माणूस आज अचानक भ्रमात गेला तर तो म्हातारचळ समजू नका. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, साखर उतरणे, पक्षाघात यांपैकी काहीही असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सुरुवात कुठे करायची? आशाताई घरी येऊन तीस वर्षांवरील व्यक्तींचा फॉर्म भरते. त्यात साठीनंतरच्या माणसांसाठी 'जवळच्यांची नावे किंवा घराचा पत्ता विसरता का?' असा प्रश्न आहे. त्याचे उत्तर लाजेने 'नाही' देऊ नका. मग प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुक्याचे सरकारी रुग्णालय, आणि तिथून चिठ्ठी घेऊन अहिल्यानगरचे जिल्हा रुग्णालय. तिथल्या मानसिक आरोग्य विभागात स्मरणशक्तीच्या तपासणीबद्दल विचारा. पुढे गरज पडली तर पुण्याचे ससून. फोनवर सल्ल्यासाठी टेली-मानसचा १४४१६ आणि ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हे क्रमांक मोफत आहेत.

टाळता येते का?

काही प्रमाणात येते. लॅन्सेट आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार चौदा धोके दूर केले तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येतील. ते धोके असे : कमी शिक्षण, बहिरेपणा, दृष्टी जाणे, वाईट कोलेस्टेरॉल, उच्च रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा, धूम्रपान, अतिमद्यपान, व्यायामाचा अभाव, नैराश्य, एकटेपणा, डोक्याला मार आणि हवेचे प्रदूषण.

या यादीत पहिले नाव शिक्षणाचे आहे. बाबासाहेबांनी शिक्षणासाठी आयुष्य वेचले. मुलीची शाळा आठवीत सुटू न देणे हे तिच्या सत्तरीतल्या मेंदूसाठीही औषध आहे. पंचशीलातले पाचवे शील मद्यापासून दूर राहायला सांगते, तेही या यादीत आहे. रक्तदाबाची गोळी रोज घेणे, चष्मा आणि श्रवणयंत्र लावणे, हेल्मेट घालणे, या गोष्टी अमेरिकेतून मागवाव्या लागत नाहीत.

घरची आणि विहाराची जबाबदारी

अंगारे-धुपारे, मारहाण, कोंडून ठेवणे यांनी रुग्ण बरा होत नाही. म्हातारीला चेटकीण ठरवून छळणे हा तर महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. रुग्णाशी वाद घालू नका. चहा मागितला तर अर्धा कप पुन्हा द्या. त्याच्या खिशात नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. विहीर, चूल आणि औषधांची फवारणीची बाटली त्याच्या हाताशी नको.

जमिनीच्या कागदावर घाईने अंगठा घेण्याचे प्रकारही घडतात. समज गेलेल्या माणसाने केलेला व्यवहार कायद्यात टिकत नाही. सांभाळण्याच्या अटीवर जमीन लिहून घेतली आणि नंतर सांभाळले नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांत कार्यालयात दाद मागता येते. म्हणूनही निदानाचा कागद वेळेत तयार असलेला बरा.

सेवेचा भार बहुधा एकाच सुनेवर किंवा लेकीवर पडतो. आठवड्यातून एक दुपार तिला मोकळी करणे एवढे तरी बाकीच्यांनी करावे. विहारात रविवारच्या वंदनेनंतर साठीपुढच्या सगळ्यांचा रक्तदाब मोजा, बी-१२, साखर आणि थायरॉईडची सोय करण्यासाठी आरोग्य केंद्राला लेखी मागणी करा, आणि विसरणाऱ्या आजी-आजोबांना घरी न ठेवता हाताला धरून विहारात आणा. चार माणसांत बसणे हाही उपचाराचा भाग आहे.

एक भिक्खू आजाराने आपल्याच घाणीत पडला होता, कोणी जवळ जात नव्हते. तथागतांनी आनंदाला बरोबर घेऊन त्याला स्वतःच्या हाताने धुतले, ही गोष्ट आपण वर्षावासात ऐकतो. प्रथिनांची तपासणी आपल्या तालुक्यापर्यंत पोहोचेल, ती स्वस्त आणि आपल्या मोजपट्टीची असावी म्हणून आपण मागणीही करू. तोपर्यंत आजीची बी-१२ ची तपासणी या आठवड्यात करून घ्या, आणि तिने दहाव्यांदा 'तू कोण?' विचारले तर दहाव्यांदा नाव सांगा.

जय भीम! नमो बुद्धाय!